पद्मिनीचे मिसिंग : पेट्रोलच्या वाटेवरचा दोष कसा शोधावा

प्रीमिअर पद्मिनीसारखी जुनी गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन ठोके चुकवून गचके खाऊ लागले, की बहुतेकांचा पहिला हात कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर पडतो. मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर, मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी तोटी) काढून फुंकणे, मग आयडलिंग वाढवून बघणे, असे करता करता गाडी अशा अवस्थेला येते की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेली भर कोणती, हेच सांगता येत नाही. फ्लोट चेंबरपर्यंत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्यापर्यंत, पेट्रोल पुरेसे आणि स्वच्छ पोहोचते आहे, हे सिद्ध होईपर्यंत कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. दुसरे असे, की मिसिंग केव्हा होते याची नीट नोंद ठेवली, तर ते कुठे आहे हे अर्धेअधिक तिथेच कळते.

उदाहरणासाठी पद्मिनी घेतली आहे, कारण ती महाराष्ट्रात अजूनही आवडीने जपली जाणारी जुनी गाडी आहे आणि तिची रचना साधी आहे. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि चार सिलिंडरचे असून त्याला एकच कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप आहे. या पंपाला आपल्याकडचे मेकॅनिक सरसकट ‘एसी पंप’ म्हणतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चाचण्या एकाच कार्ब्युरेटरच्या आणि यांत्रिक पंपाच्या कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडतात.

कामाला लागण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे, इंजिन थंड असावे, हाताशी कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे, आणि पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढावे. ज्या चाचणीत स्टार्टर फिरवायचा आहे, तिथे बॅटरी जोडलेली ठेवावी लागते. अशा वेळी कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातून) काढून इंजिनच्या धातूला नीट अर्थ करून ठेवावी. उजेडासाठी साधा लोंबता बल्ब वापरू नये, कारण तो फुटला की पेट्रोलची वाफ पेटायला तेवढे निमित्त पुरते.

दोष पेट्रोलचाच आहे का?

कार्ब्युरेटरचे बहुतेक आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात, असे जुने मेकॅनिक म्हणतात, आणि त्यात बरेच तथ्य आहे. झिजलेले पॉइंट, अधूनमधून दगा देणारा कंडेन्सर किंवा तडा गेलेली कॅप यांमुळे होणारे मिसिंग बाहेरून हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखे वाटू शकते. म्हणून आधी प्लग, पॉइंट, कॅप आणि वायर तपासून गाडीच्या पुस्तिकेतल्या मापांवर आणाव्यात आणि टॅपेटही पाहून घ्यावेत. घट्ट बसलेल्या टॅपेटमुळे गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि त्याचा दोष कार्ब्युरेटरवर ढकलला जातो.

त्यानंतरही मिसिंग राहिले, तर टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीला लपलपणारा दिवा, हे सर्वांत प्रामाणिक साधन आहे. त्याची पकड कॉइलच्या मधल्या वायरवर लावावी आणि मिसिंग होत असताना त्याच्या उजेडाकडे पाहावे. इंजिन अडखळते त्याच क्षणी उजेडाचा ठोकाही चुकत असेल, तर दोष इग्निशनकडे आहे. इंजिन गचके खाते आहे, पण उजेड एकसारखा लपलपतो आहे, तर कॉइलपर्यंतचे काम ठीक आहे. नंतर हीच पकड एकेका प्लगच्या वायरवर लावून खात्री करून घ्यावी. चालत्या गाडीत ही चाचणी शक्य नसते, तेव्हा झटक्याचा स्वभाव पाहावा: इग्निशनचा दोष बटण दाबल्यासारखा एकदम येतो आणि एकदम जातो, तर पेट्रोल कमी पडू लागले की गाडी आधी मरगळते, मग गचके खाते, आणि पाय उचलला की काही क्षण सावरते.

दुसरी कसोटी सिलिंडरची. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून अर्थ करावी आणि वेग किती पडतो ते पाहावे. चारही सिलिंडरला एकच कार्ब्युरेटर पेट्रोल पुरवत असताना एकच ठरावीक सिलिंडर सतत मार खात असेल, तर तो दोष कार्ब्युरेटरचा असण्याची शक्यता फार कमी. तिथे प्लग, वायर, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहावे. पेट्रोलच्या बाजूने त्याचे एकच मोठे कारण संभवते, ते म्हणजे त्या सिलिंडरजवळच्या मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळकांड्याच्या) पॅकिंगमधून आत शिरणारी फाजील हवा. मिसिंग कधी या, कधी त्या सिलिंडरवर फिरत असेल, तर मात्र पेट्रोलची वाट धरावी.

रिच की लीन?

मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की रिच, कमी झाले की लीन. या दोहोंतले कोणते, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण उपाय परस्परविरुद्ध आहेत. गरम इंजिन आयडलिंगच्या थोडे वर ठेवून चोकची कळ हळूच थोडी ओढावी. इंजिन सुधारले, तर मिश्रण लीन होते. आणखी बिघडून काळा धूर येऊ लागला, तर ते आधीच रिच होते. सोलेक्स या बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या अनेक जातींत चोक म्हणजे हवेचा मार्ग अडवणारी पाकळी नसून जास्तीचे पेट्रोल सोडणारी स्वतंत्र स्टार्टर यंत्रणा असते, त्यामुळे एअर फिल्टर काढून आत डोकावल्यावर पाकळी दिसली नाही, तर काही हरवले असे समजू नये.

आवाजावरूनही अंदाज येतो. लीन मिश्रण सावकाश जळते आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत धुमसत राहते, म्हणून गाडी कार्ब्युरेटरमधून शिंकते. सायलेन्सरमधला फटका हा बहुधा न जळलेले पेट्रोल तिथवर पोहोचल्याचा असतो आणि तो रिच मिश्रणाने, तसाच चुकलेल्या स्पार्कनेही होतो. नुसत्या फटक्यावरून निकाल देऊ नये.

प्लग वाचायचे, तर आयडलिंगवर ठेवलेल्या गाडीचे वाचण्यात अर्थ नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून काही अंतर जावे, सुरक्षित जागा पाहून क्लच दाबून इग्निशन बंद करावे, गाडी कडेला थांबवावी आणि मग प्लग काढावेत. इग्निशन बंद करताना स्टिअरिंग लॉक लागेल इतकी किल्ली मागे फिरवू नये, हे सांगायला नको, तरी सांगितलेले बरे. कोरडी मऊ काजळी रिच मिश्रणाची, ओला चिकट काळेपणा बहुधा ऑइलचा, आणि पांढराफटक कोरडेपणा लीन मिश्रणाचा असतो. शिसेविरहित पेट्रोलवर प्लग एरवीही फिकटच दिसतात, त्यामुळे पुस्तकातला चॉकलेटी रंग शोधत बसू नये. इन्सुलेटरच्या मुळाशी आत फिकट तपकिरी कडे दिसते का, एवढे पाहावे.

केव्हा होते?

आता वेळेची नोंद. फक्त आयडलिंगला मिसिंग आणि वेगात गाडी सुरळीत, तर पायलट जेट (आयडलिंगचे पेट्रोल देणारा), मिक्श्चरचा स्क्रू किंवा मॅनिफोल्डमधली फाजील हवा. पॅडल दाबताक्षणी ओढीत एक खड्डा आणि मग गाडी ठीक, तर कार्ब्युरेटरमधला ॲक्सलरेटर पंप, जो पॅडल दाबताच जास्तीच्या पेट्रोलची पिचकारी सोडतो. सपाटीवर ठीक, पण बोरघाट किंवा कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गचके, तर पुरवठा किंवा मेन जेट (वेगात आणि जोरात पेट्रोल देणारा). थंड असताना उत्तम आणि दुपारच्या वाहतुकीत अडकल्यावर बिघाड, तर उष्णता. ठरावीक अंतर गेल्यावर गाडी मरते आणि थोडा वेळ उभी केल्यावर पुन्हा चालू लागते, तर टाकी. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे तिच्यावरून ठरते.

टाकी आणि तिचे झाकण

टाकीतून पेट्रोल जितके बाहेर जाते, तितकी हवा आत यावी लागते. झाकणातले किंवा वेंटच्या नळीतले छिद्र बुजले, की टाकीत निर्वात वाढत जातो आणि पंपाची ओढ अपुरी पडू लागते. अनेकदा मूळ झाकण हरवल्यावर बाजारातले कुठलेही घट्ट बसणारे झाकण लावलेले असते आणि दोष तिथूनच सुरू होतो. गाडी गचके देऊ लागताच थांबून झाकण उघडावे: आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर निदान झाले.

झाकण उघडताना आवाज नाही, पण काही मिनिटे थांबल्यावर गाडी सुधारते, तर टाकीतला गंज पाहावा. गंजाचे पापुद्रे आणि गाळ पेट्रोलच्या ओढीने आतल्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतात, आणि इंजिन बंद झाले की पुन्हा तळाशी पडतात. पेट्रोल कमी असताना, वळणांवर आणि चढावर असे मिसिंग वाढते. याची खात्री करण्यासाठी टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडून टाकीच्या दिशेने सायकलच्या पंपाने हलका दाब द्यावा. टाकीचे झाकण उघडे ठेवून आत बुडबुड्यांचा मोकळा आवाज येतो का, ते ऐकावे. वाट मोकळी झाली म्हणून काम संपले असे नव्हे. पापुद्रे टाकीतच असतात, ते टाकी उतरवून धुतल्याशिवाय जात नाहीत.

ओढणारी नळी आणि पंप

पुरवठ्याचे दोष शोधताना सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे टाकी ते पंप हा मार्ग. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी फाटली तर पेट्रोल गळते, वास येतो, डाग पडतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी मात्र ओढीखाली असते. तिला बारीक चीर गेली तर चालू इंजिनात पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते आणि पंप मात्र निम्मी हवा ओढत असतो. मागच्या बाजूचे रबरी जोड, क्लॅम्पखालची कडक झालेली नळी आणि चेसिसला घासून पातळ झालेला धातूचा पाइप, या तीन जागा हाताने वाकवून, चेपून पाहाव्यात.

पंपाची चाचणी अशी करावी. कॉइलची वायर वर सांगितल्याप्रमाणे अर्थ करावी. कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडून तिचे टोक पेट्रोलला टिकणाऱ्या पारदर्शक बाटलीत धरावे. बाटली बॅटरीपासून आणि डिस्ट्रिब्युटरपासून दूर असावी. मदतनिसाने १० ते १५ सेकंद स्टार्टर फिरवावा. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंपाचा एक ठोका पडतो, त्यामुळे धार सलग न येता ठोक्याठोक्याने येते. ती प्रत्येक वेळी भरदार असली पाहिजे. नळीचे टोक बाटलीतल्या पेट्रोलखाली बुडवून पुन्हा पाहावे: पहिल्या काही ठोक्यांनंतरही बुडबुडे येतच राहिले, तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा घेतली जाते आहे. बाटली पाच मिनिटे स्थिर ठेवली, की तळाशी गंजाची पूड किंवा पाण्याचा वेगळा थर दिसतो. तोही पुरावा जपून ठेवावा.

धार बारीक आली, तर दोष पंपाचा की त्याच्या मागचा, हे ठरवायला एक जुनी आणि अचूक पद्धत आहे. टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून तिथे नवी नळी जोडावी आणि तिचे दुसरे टोक जमिनीवर ठेवलेल्या स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडावे. आता धार सुधारली तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकीकडचा. तरीही बारीकच राहिली तर पंप उतरवावा. ही चाचणी फक्त उभ्या गाडीवर करायची आहे. बॉनेटखाली बाटली टांगून गाडी रस्त्यावर नेण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती सरळसरळ आगीला निमंत्रण देणारी आहे.

पंपात डायफ्रॅम, दोन छोटे व्हॉल्व्ह आणि जाळी एवढेच तपासायचे असते. डायफ्रॅम फाटला असेल, तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून डिपस्टिक काढून वास घ्यावा आणि पातळी वाढली आहे का पाहावी. तसे असेल तर पंप दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत गाडी सुरूच करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. व्हॉल्व्ह गळत असतील, तर रात्रभर उभ्या गाडीतले पेट्रोल मागे उतरते आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. पंप पुन्हा बसवताना ब्लॉक आणि पंप यांमधल्या पॅकिंगची जाडी पूर्वीइतकीच ठेवावी. एकावर एक पॅकिंग चढवली, की लिव्हरची झेप कमी होते आणि नवा पंपही अर्धेच काम करतो.

अशा पंपांचा दाब साधारणपणे चौरस इंचाला २ ते ४ पौंड असतो. त्याऐवजी इलेक्ट्रिक पंप लावायचा असेल तर तोही याच दाबाचा हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावल्यास कार्ब्युरेटरची नीडल (फ्लोट चेंबर भरले की पेट्रोल अडवणारी सुई) त्या दाबापुढे मिटूच शकत नाही आणि पेट्रोल उतू जाते.

फ्लोट चेंबर : निकालाची जागा

पुरवठा की जेट, हा वाद फ्लोट चेंबर उघडल्यावर मिटतो. घाटात गचके सुरू झाले, की सपाट आणि सुरक्षित जागा पाहून इग्निशन लगेच बंद करावे. आयडलिंगवर अजिबात ठेवू नये, नाहीतर पंप तेवढ्या वेळात चेंबर पुन्हा भरून टाकतो आणि पुरावा जातो. इंजिन निवू द्यावे, मग वरचे झाकण उचलून आत पाहावे. उष्णतेने थोडे पेट्रोल उडालेले असते, पण चेंबर जवळजवळ भरलेले असेल तर पुरवठा ठीक आहे आणि पुढे मेन जेटकडे जावे. तळाला चमचाभरच उरले असेल, तर जेटला हात न लावता मागे पंप आणि टाकीकडे वळावे.

झाकण उघडलेच आहे, तर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल उघडमीट करणारा पोकळ भाग, काढून कानाशी हलवावा. आत डुचमळले, तर त्यात पेट्रोल शिरले आहे. गरम पाण्यात बुडवला की गळतीच्या जागी बुडबुडा येतो. जड झालेला फ्लोट नीडल वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे पातळी वाढते, मिश्रण रिच होते आणि गाडी विशेषतः आयडलिंगला आणि ब्रेक मारल्यावर गुदमरते. नीडलच्या टोकाला झीज होऊन कडे पडले असेल, तर ती सीटसह बदलावी. सोलेक्समध्ये या सीटखालच्या वॉशरच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते. जुना वॉशर टाकून हाताला येईल तो बसवला, की पातळी बदलते आणि मग स्क्रू फिरवून ती चूक कधीच भरून निघत नाही.

जेट

जेट स्वच्छ करताना तार घालू नये. पितळ मऊ असते. एक ओरखडाही प्रवाह बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो, आणि डोळ्याला चष्मा लावलेला असावा. आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू फिरवून इंजिनात काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट बुजला आहे किंवा कुठून तरी फाजील हवा येते आहे. ॲक्सलरेटर पंप पाहण्यासाठी इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या घशात डोकावावे आणि थ्रॉटल हाताने उघडावा: नोझलमधून पेट्रोलची स्वच्छ पिचकारी तत्क्षणी उडाली पाहिजे. ती उशिरा, वाकडी किंवा थेंबाथेंबाने येत असेल, तर पॅडल दाबल्यावरचा खड्डा तिथेच आहे.

फाजील हवा

थ्रॉटलच्या खाली कुठूनही शिरलेली हवा आयडलिंगला सर्वांत जास्त जाणवते. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग, मॅनिफोल्डचा जोड आणि थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोके यांवर बारीक तुषारांच्या बाटलीने थोडे साधे पाणी उडवावे; डिस्ट्रिब्युटर आणि वायर कोरड्या ठेवाव्यात. ज्या जागी इंजिनाचा सूर बदलला, तिथे चीर आहे. याच कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारणारे बरेच आहेत, पण गरम एक्झॉस्टशेजारी तो पेटू शकतो, त्यामुळे पाणीच बरे. जुन्या सोलेक्समध्ये थ्रॉटलचा दांडा आणि त्याचे भोक हमखास झिजलेले असते. बोटांनी दांडा वरखाली हलत असेल, तर नव्या जेटचा संच आणून उपयोग नाही; बुश बसवून घ्यावेत.

मॅनिफोल्डमधला निर्वात मोजणारा व्हॅक्यूम गेज असेल तर काम सोपे होते. धडधाकट इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीजवळ पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते आणि काटा स्थिर असतो. दर हजार फुटांना हे वाचन सुमारे १ इंचाने घटते, म्हणून पुण्यात जवळपास २ इंच आणि महाबळेश्वरला ४ इंचांहून थोडे अधिक कमी दिसले तर घाबरू नये. काटा स्थिर पण अपेक्षेपेक्षा खाली, तर फाजील हवा किंवा मागे पडलेले टायमिंग. काटा संथपणे खालीवर तरंगत असेल, तर मिश्रण.

उष्णता

पंप आणि त्याची ओढणारी नळी तापली, की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप वाफेला ढकलू शकत नाही. मे महिन्यात वाहतूक तुंबल्यावर गाडी मेली, की पंपावर ओले फडके टाकावे. पाच-दहा मिनिटांत ती पूर्ववत चालू लागली, तर वेपर लॉक झाला होता. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, कार्ब्युरेटरखालची उष्णतारोधक चकती आणि पत्रा मूळ जागी आहेत का पाहावे. दुरुस्तीत काढलेले हे भाग पुन्हा लावायचे राहून जातात. फडके हा तात्पुरता उपाय आहे. आणखी एक भेद ध्यानात असावा: गरम इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, तर तिथे पेट्रोल कमी पडलेले नसते, चेंबरमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेले असते, अशा वेळी पॅडल पूर्ण दाबून धरूनच स्टार्टर मारावा.

वीस टक्के इथेनॉलचा प्रश्न

भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२३ पासून विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. जुन्या गाडीच्या मिसिंगचा विचार आता त्याला वगळून करता येत नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेला जेट तेवढेच इंधन देत राहिला, तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी लीन होते. एरवी जो कार्ब्युरेटर थोडा रिच होता, त्याला हे पचते. जो आधीच काठावर होता, तो हलक्या थ्रॉटलवर एकसारख्या वेगात बारीक गचके देऊ लागतो.

याची एक मजेशीर खूण आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण आपोआप रिच होत जाते. मुंबईत कुरकुरणारी गाडी महाबळेश्वरला जाऊन गुळगुळीत चालू लागली, तर ती लीन होती असे समजायला हरकत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी पाहता येते. १०० मिलीच्या उभ्या मापपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून, तोंड बंद करून हलवावे आणि थर वेगळे होऊ द्यावेत. इथेनॉल पाण्यात जाते. खालचा थर १० वरून २८ मिलीच्या आसपास गेला, तर वाढलेले १८ मिली म्हणजे ९० मिलीचे २० टक्के.

जेट मोठा करायचा तर थोडाच करावा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो आणि प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे १२० ऐवजी १२५ चा जेट घातला, की क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढते. हे आकडे हिशेबाच्या उदाहरणासाठी दिले आहेत. आपल्या गाडीचा मूळ आकडा जेटवर वाचून मगच ठरवावे, आणि वरच्या सगळ्या चाचण्या संपल्यावरच.

लीन होण्यापेक्षा मोठा त्रास रबराचा आहे. जुन्या साध्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा आतून सोलवटतात, आणि ते काळे कण नीडलखाली अडकतात. नव्या नळ्या एसएई जे-३० आर-९ दर्जाच्या घ्याव्यात आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारा आहे याची दुकानात खात्री करावी. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थरही सोडवते, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वारंवार बदलावा लागतो. शिवाय ते ओलावा धरते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन चार महिने उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी तळाचे पेट्रोल काढून पाहावे. खाली वेगळा थर साचला असेल, तर वरून नवे पेट्रोल घालून तो विरघळेल या आशेवर राहू नये; सगळे काढून टाकावे.

सीएनजी किट असलेली गाडी

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्याआधीची अनेक वर्षे त्या सीएनजीवर धावल्या. खासगी गाड्यांनाही किट बसवलेले असते. अशा गाडीच्या मालकाला निदानाचा एक आयता फायदा मिळतो. गॅसला पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार स्पार्क लागतो, त्यामुळे गॅसवर गाडी चढावरही सुरळीत ओढते आणि पेट्रोलवर गचके देते, तर इग्निशन आणि कॉम्प्रेशन दोन्ही निर्दोष ठरतात. मग पहिला संशय पेट्रोलच्या नळीवरच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपेचा) घ्यावा: किल्ली लावल्यावर त्याचा टिक असा आवाज येतो का, आणि तापल्यावर तो अर्धवट मिटतो का, ते पाहावे. किट काढून टाकले असेल, तर हवेच्या मार्गातला गॅस मिसळणारा मिक्सर आणि अर्धवट बंद केलेल्या नळ्या राहून गेल्या नाहीत, याची खात्री करावी. वर्षानुवर्षे फक्त गॅसवर चाललेल्या गाडीत कार्ब्युरेटर सुकून आत पिवळट राळ जमलेली असते आणि पंपाचा डायफ्रॅम कडक झालेला असतो. तिथे निदानात वेळ न घालवता दोन्ही उतरवून त्यांचे दुरुस्तीचे किट बसवणेच शहाणपणाचे.

शेवटचे जुळवणे

दोष सापडून दूर झाल्यावर आयडलिंग जुळवावे. इंजिन पूर्ण गरम करावे, एअर फिल्टर जागेवर असू द्यावा, कारण त्याच्याशिवाय जुळवलेले मिश्रण तो लावल्यावर बदलते. मिक्श्चरचा स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर आणावा. आत नेताना जोर दिला तर टोकाला कडे पडते. मग इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे चालेल अशी जागा शोधावी, थ्रॉटलच्या स्क्रूने वेग उतरवावा आणि हे दोन-तीनदा आलटूनपालटून करावे. सगळ्या क्लॅम्प आणि जोडांवर बोट फिरवून ओल नाही ना हे पाहावे, आणि ज्या चढावर, ज्या गिअरमध्ये मिसिंग होत होते, त्याच चढावर त्याच गिअरमध्ये गाडी पुन्हा नेऊन परतल्यावर प्लग काढून वाचावेत.